अंगठी पोस्टात आहे

त्या दाराला नाव नव्हतं. फक्त पितळी मूठ,
तळहातांनी घासून घासून पिवळीधम्मक झालेली.
आत चौदा पायऱ्या खाली.
परतताना त्या बाराच भरायच्या, का कोण जाणे.

ब्रिस्बेन, अठ्ठ्याहत्तर साल, जानेवारीतली काहिली.
तळघरात दोन पंखे, त्यातला एक रुसलेला.
बारमागे स्टाव्हरूला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
बिअरच्या फेसावर अशी फुंकर घालायची
जशी कुणाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर.
"उधारी लिहीन," म्हणायची, "नावं लिहिणार नाही."
म्हणून तिच्या वहीत आम्ही सगळे नुसती पायताणं:
तपकिरी सँडल, तीन बिअर.
पांढऱ्या टाचा, एक जिन, बर्फ जास्त.
कॅनव्हासचे बूट म्हणजे मी.
शाळेत मुलींना नेटबॉल शिकवून तशीच यायचे.

बाटल्यांच्या फळीवर एक लाल बल्ब होता.
दारावरच्या मर्व्हनं बटण दाबलं की तो लागे
आणि गाणं न थांबवता, पाऊल न चुकवता
बायांनी पुरुष धरायचे, पुरुषांनी बाया.
हाताला लागेल तो आपला.
चार सेकंद मिळत.

माझ्या हाताला नेहमी ऑब्रे लागायचा.
पोस्टात पत्रं निवडायचा, कानामागे पेन्सिल,
हात कायम घामेजलेले,
आणि नाचाच्या नावानं बोंब.
पोलीस उतरत. टॉर्च तोंडातोंडावरून फिरे,
टोमॅटो दाबून पाहावेत तसा.
ऑब्रे माझ्या कानाशी पुटपुटे,
"हस, नोएलीन. आपलं लग्न ठरलंय."
"मग अंगठी कुठाय?"
"पोस्टात आहे. उशीर होतोय जरा."

बायकांबद्दल त्यांच्या कायद्यात एक ओळ नव्हती.
मला गुन्हेगारसुद्धा धरलं नव्हतं त्यांनी.
त्याचा राग यायचा मला, खरंच यायचा,
पण त्या न-धरण्याच्या आडोशाला
एक माणूस उभा राहू शकत होता. राहायचा.

एकदा बल्ब लागला नाही.
मर्व्ह म्हणाला फ्यूज. कुणी म्हणालं, मर्व्हला पैसे मिळाले.
ऑब्रे तेव्हा ब्रेडची गाडी चालवणाऱ्या लेनबरोबर होता,
डोळे मिटून, हनुवटी त्याच्या खांद्यावर,
आणि आयुष्यात पहिल्यांदा ठेक्यात.
अकरा जणांना नेलं.
गुरुवारच्या पेपरात नाव, वय, पत्ता.
सोमवारी पोस्टानं त्याची पेन्सिल परत केली, असं तोच सांगायचा,
हसवायला.

मी बाथरूममध्ये होते,
असं मी इतकी वर्षं सांगत आले.
नव्हते.
पायऱ्यांवरचा टॉर्च मला दिसला होता.
ऑब्रे दोन हातांवर होता. चार सेकंद होते.
माझ्या मिठीत बर्नाडेट होती, तिच्या मानेला
साबणाचा आणि घामाचा वास येत होता,
आणि मी तिला सोडलं नाही.

बर्नाडेट पुढे टाऊन्सव्हिलला गेली, लग्न केलं.
नाताळला कार्ड येतं, नवऱ्याच्याही सहीचं.
तळघरात आता दातांचा दवाखाना आहे.
मी मुद्दाम तिथंच दाढ काढून घेतली.

ऑब्रे सँडगेटच्या वृद्धाश्रमात, खिडकीतून खाडी.
मंगळवारी मी जाते, केळी नेते, तो साल खातो की काय
इकडे लक्ष ठेवावं लागतं.
नाव विसरतो माझं. कधी मी त्याची बहीण असते,
कधी फोन दुरुस्त करणारी.

परवा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं नर्सला बोलावलं,
दारावरचा लाल दिवा लागला.
ऑब्रे उठला. खाटेचा दांडा सोडून
दोन्ही हात पुढे केले त्यानं,
मी धरले. कोरडे ठणठणीत.
"हस, नोएलीन," म्हणाला.
त्या रात्रीबद्दल सांगायला मी तोंड उघडलं
आणि विचारलं, अंगठी कुठाय.
तो माझ्या पायावर पाय देत होता,
अजूनही नाचाच्या नावानं बोंब,
नर्स येऊन दिवा बंद करून गेली तरी.